चूक काढू नका, चूक सांगा

(तालुका कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या एका तरुण कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलताना जशी भाषा होती तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या कागदावर माझ्या विषयाचं नाव ‘गटातील सहकाऱ्यांचा एकमेकांना फीडबॅक’ असं लिहिलंय. काल रात्री जेवताना दोघा-तिघांनी विचारलं, हे फीडबॅक काय प्रकरण आहे? कंपनीत, मोठ्या ऑफिसात हा शब्द चालतो. तिथं बरोबर काम करणारी माणसं ठरलेल्या दिवशी बसतात आणि एकमेकांचं काम कसं झालं ते सांगतात. साहेबाने सांगायचं नाही, बरोबरीच्याने सांगायचं, एवढाच त्याचा अर्थ.

शब्द आपल्याला नवीन असेल, काम नवीन नाही. लावणीला आपण दहा-बारा बायका ओळीने वाकलेल्या असतो. एखादीने रोप चिखलात फार खोल गाडलं तर बाजूची लगेच बोलते, “अगं वर घे, फुटवा येणार नाय.” ती रागावत नाही. उपटते, परत लावते, पुढे सरकते. वीटभट्टीवर नवरा-बायकोची जोडी असते. गारा पातळ झाला तर थापणारा तिथल्या तिथं ओरडतो, कारण वीट चिरली तर शेठ ती हजारात धरत नाही, मजुरी दोघांचीही बुडते. त्यासाठी कोणी मीटिंग बोलावत नाही, कोणी कोणाचा अपमान झाला असंही बोलत नाही. चूक दिसली, सांगितली, सुधारली.

मग मला सांगा, वन हक्काच्या दाव्याच्या कामात आपलं तोंड का बंद होतं?

31 डिसेंबर 2007 ला हा कायदा लागू झाला. आपल्या गावागावांत वन हक्क समित्या झाल्या. नियमाप्रमाणे समितीत 10 ते 15 माणसं, त्यात एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत, त्या घेतल्या. संघटनेचे गट पाड्यापाड्यांवर फिरतात. अर्ज भरतात, म्हाताऱ्यांचे जबाब लिहितात, जमीन मोजताना बरोबर चालतात. काम मोठं आहे आणि माणसं मनापासून करतात, त्यात शंका नाही. पण शेतात जी बाई धाडकन बोलते, तीच समितीच्या बैठकीत पदर सावरून मागे बसते. का? कारण तिथं कागद आहे, आणि कागद दुसऱ्याच्या हातात आहे.

आपल्या आजा-पणजाच्या काळात सावकार वहीत लिहायचा आणि आपण अंगठा द्यायचो. त्याने काय लिहिलं ते विचारायची सोय नव्हती. विचारलं तर मार होता, वेठ होती. 1945 साली वारली माणूस वेठीविरुद्ध उठला. वेठ मोडली. पण लिहिणाऱ्यापुढे गप्प बसायची सवय पुरती मोडली नाही. ती तलाठ्यापुढे दिसते, गार्डापुढे दिसते. आणि साथींनो, आता ती आपल्याच शिकलेल्या पोरापोरींपुढे दिसायला लागली आहे. मी बारावी शिकलेली आहे. माझ्या हातात पेन असलं की पाड्यावरची माणसं बोलतात, “तू लिहिशील ते बरोबरच असेल.” हे ऐकायला गोड वाटतं. पण मला ते धोक्याचं वाटतं. ज्याची चूक कोणीच सांगत नाही, त्याच्या हातून जमीन जायला वेळ लागत नाही. आणि जाते ती लिहिणाऱ्याची नाही, कसणाऱ्याची जाते.

तीन गोष्टी सांगते. गावांची नावं घेत नाही, कारण कोणाला खाली बघायला लावायचं नाही.

पहिली गोष्ट. एका पाड्यावर अर्ज वाचून दाखवायचं काम चाललं होतं. एक मावशी, अक्षर ओळखत नाही, ती बोलली, “माझा नाव कुठं हाय? दाखव.” अर्ज भरणाऱ्या मुलाने सांगितलं, नवऱ्याच्या नावावर आहे, म्हणजे तुझंच झालं की. ती बोलली, “तू बोट ठेवून दाखव.” बोट ठेवायला जागाच नव्हती. कायद्याच्या कलम 4 मध्ये स्पष्ट लिहिलंय, लग्न झालेलं असेल तर हक्काची नोंद नवरा आणि बायको दोघांच्या नावाने होते. अर्जातही दावेदाराच्या नावाखाली जोडीदाराच्या नावाचा रकाना आहे. तो रकाना त्या पाड्याच्या बऱ्याच अर्जांत कोरा होता. मुलगा चांगला होता, त्याने त्याच रात्री सगळे अर्ज परत काढले. आता विचार करा, त्या मावशीने लाज धरली असती तर किती बायांचं नाव राहिलं असतं? ती गटातली सगळ्यात कमी शिकलेली होती आणि सगळ्यात मोठी चूक तिने सांगितली.

दुसरी गोष्ट मोजणीची. जीपीएसचं यंत्र घेऊन एक साथी जमिनीच्या कडेने चालत होता. नाल्याच्या अंगाला करवंदीची जाळी होती. ऊन तापलेलं, यंत्राची बॅटरी उतरत आलेली. तो जाळीच्या आतल्या बाजूने गेला. बरोबरची मुलगी बोलली, “दादा, बांध जाळीच्या पलीकडे आहे.” तो बोलला, थोडक्याने काय फरक पडतो. ती बोलली, “खाली नागलीचा तुकडा आहे, तो बाहेर राहिला.” तो परत फिरला आणि पलीकडून चालला. कायदा सांगतो की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून प्रत्यक्ष जेवढी जमीन ताब्यात आहे तेवढी मिळणार, जास्तीत जास्त 4 हेक्टर. यंत्र कुठून चाललं ते नकाशात उतरतं. नकाशात जे राहिलं ते नंतर मागायला गेलात तर तुम्हालाच नवीन अतिक्रमण करणारा बोलतील. मुलीने तिथल्या तिथं सांगितलं, म्हणून वीस पावलं परत चालण्यावर भागलं.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. एका गटात एक अनुभवी कार्यकर्ता होता. जेलमध्ये जाऊन आलेला, सगळ्यांना आदर असलेला. म्हाताऱ्यांचे जबाब लिहायचं काम त्याच्याकडे होतं. वेळ वाचवायला त्याने एक जबाब तयार केला आणि तोच सगळ्या दाव्यांना उतरून काढला. नाव तेवढं वेगळं, बाकी शब्दाला शब्द. बरोबरच्या दोघांना हे दिसलं होतं. ते मला नंतर बोलले की दिसलं होतं, पण एवढ्या मोठ्या माणसाला कसं सांगायचं? दावे वर गेले. वरच्या तपासणीत कोणीतरी कागद शेजारी शेजारी ठेवले आणि शेरा मारला की जबाब एकसारखे आहेत, पुरावा पुन्हा द्या. तोपर्यंत माघ महिना आला होता. अर्धा पाडा भट्टीवर गेलेला. म्हातारे घरी होते, पण दावेदार भिवंडीकडे. दोन साथी एसटीने गेले, भट्ट्या हुडकत फिरले, माणसांना दोन दिवसांची मजुरी सोडून परत आणलं. शेठने त्यांना वर बोल लावला तो वेगळाच. आणि ज्या दोघांनी बघितलं होतं ते अजून बोलतात, आम्ही तेव्हाच बोललो असतो तर एका संध्याकाळचं काम होतं.

या तिन्ही गोष्टींतून मला एकच दिसतं. आपली चूक कोणीतरी सांगणारच आहे. साथीने सांगितली तर पाड्यावर सुधारते. साथी गप्प बसला तर साहेब सांगतो, आणि साहेब सांगतो तेव्हा तो दावा फेटाळून सांगतो. फेटाळला तर 60 दिवसांत वर दाद मागता येते, हे खरं आहे. तो हक्क वापरायचाच. पण तो हक्क त्यांच्या अन्यायाविरुद्ध वापरायला ठेवा, आपल्या आळसावर खर्च करू नका.

आता काही साथी बोलतील, आपसात चुका सांगायला लागलो तर ऐक्य बिघडेल. वनखात्याला आणि गावच्या पुढाऱ्यांना तेच पाहिजे. मी बोलते, ऐक्य बिघडतं ते पाठीमागे बोलण्याने. बैठकीत मान हलवायची आणि एसटी स्टँडवर चहा पिताना “त्याला काय कळतंय” असं बोलायचं. ते फिरत फिरत त्याच्या कानावर जातं, वाढून जातं. मग तो त्या पाड्यावर जायचं बंद करतो. असे दोन गट बंद पडलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. तोंडावर सांगितल्यामुळे बंद पडलेला गट मी तरी बघितला नाही.

आणखी एक गोष्ट बोलते, जुन्या साथींनी राग मानू नये. आपल्या बैठकीत शेवटी टीका-आत्मटीका असते. पद्धत चांगली आहे. पण ती आता कशी झाली आहे? प्रत्येक जण उठतो आणि बोलतो, “मी थोडा कमी पडलो, पुढे सुधारणा करीन.” कशात कमी पडला? कुठल्या पाड्यावर? कोणत्या कागदात? ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. सगळे कमी पडले म्हटल्यावर कोणीच कमी पडला नाही असं होतं. मग जेवण येतं.

म्हणून आमच्या गटाने गेल्या वर्षभरात काही रीत धरली आहे. ती सांगते. पटेल ती घ्या, नाही पटलं तर इथंच बोला.

एक. कामाबद्दल बोलायचं, माणसाबद्दल नाही. “तू आळशी आहेस” यातून काहीच हाती लागत नाही, भांडण तेवढं होतं. “या पाच अर्जांत चतु:सीमा लिहिलेली नाही” असं बोललं की लगेच काय करायचं ते कळतं. चूक काढणं आणि चूक सांगणं यात फरक हाच आहे. काढणाऱ्याला माणूस दिसतो, सांगणाऱ्याला काम दिसतं.

दोन. त्याच दिवशी सांगायचं. मोजणी संपवून पाड्यावर आलो की हातपाय धुऊन अर्धा तास बसतो. प्रत्येकाने आज काय बघितलं ते बोलायचं. महिन्याने सांगितलेली चूक ही चूक राहत नाही, ती जुनं उणंदुणं होते.

तीन. बोलायची पाळी उलटी ठेवायची. ज्याच्या हातात पेन नाही तो पहिला बोलेल. मग बाया, मग नवीन पोरं, आणि गटाचा पुढारी शेवटी. पुढारी पहिला बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात. सुरुवातीला बाया बोलायच्या, “आमचं काय, तुमचं बरोबर आहे.” आम्ही पुढची पाळी दिलीच नाही, थांबून राहिलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक बोलली, आणि मग थांबवायची वेळ आली.

चार. ऐकणाऱ्याने पहिला शब्द “दाखव” असा बोलायचा. “पण”, “मला सांगितलंच नव्हतं”, “तू तरी काय केलंस” हे नंतर. दाखवता आलं तर सुधारायचं. वाद झाला तर बांधावर जायचं, कागद उघडायचा. कोण मोठा, कोण जेलमध्ये गेला होता, कोण शिकलाय, यावर निकाल लावायचा नाही. सांगणाराही चुकू शकतो. एकदा एकाने ठामपणे सांगितलं की विहीर दाव्याच्या बाहेर आहे. गेलो, बघितलं, आत होती. त्याने “बरं” बोलून विषय सोडला. एवढं सोपं झालं पाहिजे.

पाच. सांगितलं त्याने हात लावायचा. जबाब परत लिहायचे असतील तर ज्याने चूक सांगितली तो बरोबर बसेल. नुसतं बोट दाखवून घरी जायचं नाही.

सहा. चांगलं झालं तेही नीट सांगायचं. “शाब्बास” बोललं की बरं वाटतं, पण त्यातून दुसऱ्याला शिकायला मिळत नाही. आमच्या गटात एका मुलाने म्हाताऱ्याला साल विचारलं नाही. त्याने विचारलं, “हा बांध बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी घातला की नंतर? तेव्हा थोरली मुलगी केवढी होती?” म्हाताऱ्याला सगळं आठवलं, वनखात्याने केलेल्या दंडाची जुनी पावती पेटीतून काढून दिली. दाव्याला कमीत कमी दोन पुरावे लागतात, तिथं दोन्ही मिळाले. संध्याकाळी आम्ही हेच बोललो की तू बांधापासून सुरुवात केलीस म्हणून त्याला आठवलं. दुसऱ्या दिवसापासून सगळेच तसं विचारायला लागले.

सात. वही ठेवायची. त्यात माणसाचं नाव लिहीत नाही, दाव्याचा नंबर लिहितो. काय राहिलं होतं आणि ते पुरं केलं का, एवढंच. पुढच्या बैठकीची सुरुवात ती वही वाचून होते.

आता दोन ठिकाणी सांभाळायला लागतं, तेही सांगते.

एक म्हणजे वनखात्याची किंवा महसूलची माणसं समोर असताना आपसात वाद घालायचा नाही. साथीला बाजूला घेऊन सांगायचं. पण पंचनाम्यावर सही होत असेल आणि त्यात चुकीचं लिहिलेलं दिसलं, तर तिथं गप्प बसायचं नाही. साथीने लिहिलेलं असलं तरी सगळ्यांसमोर बोलायचं की थांबा, सही करू नका. साथीचा मान नंतर राखता येईल. सही झालेला कागद परत आणता येत नाही.

दुसरं म्हणजे सगळ्याच गोष्टी या अर्ध्या तासात बसत नाहीत. अर्जासाठी कोणी माणसांकडून पैसे घेतले, कोणी दारू पिऊन पाड्यावर गेला, कोणी बाईशी वाईट वागला, तर ती कामातली चूक नाही. ती साथी-साथीत गोड बोलून मिटवायची नाही. ती संघटनेच्या कमिटीपुढे आणायची, आणि जिच्यावर अन्याय झाला तिच्या बाजूने उभं राहायचं. “समजून सांगितलं आहे त्याला” असं बोलून झाकायचं नाही. हे मी मुद्दाम बोलते, कारण चांगल्या रीतीचा आडोसा करून वाईट माणूस लपू शकतो.

शेवटचं बोलते आणि बसते. दिवाळी तोंडावर आली आहे. भात कापून खळ्यावर आलं की माणसं बोचकी बांधतील, ट्रक येतील, पाडे रिकामे होतील. आपल्या हातात मधले थोडे दिवस आहेत. जे अर्ज ग्रामसभेपुढे ठेवायचे आहेत, ते ठेवण्याआधी एका गटाने दुसऱ्या गटाचे वाचायचे, असा माझा प्रस्ताव आहे. आपण भरलेले आपण वाचले तर चूक दिसत नाही, आपल्याच स्वयंपाकाचं मीठ जसं आपल्याला कळत नाही तसं. प्रत्येक वाचनाला त्या पाड्यातल्या दोन बाया बसल्याच पाहिजेत, आणि अर्ज मोठ्याने वाचायचा, दावेदाराच्या समोर. पाच गोष्टी बघायच्या: नवरा-बायको दोघांची नावं, चतु:सीमा, दोन पुरावे, म्हाताऱ्याचा स्वतःच्या शब्दांतला जबाब, आणि नकाशात राहिलेला तुकडा. दुपारी गटवार बसू तेव्हा कोणता गट कोणत्या पाड्याचे वाचणार ते ठरवू या.

आणि आता माझ्या भाषणात काय चुकलं, काय राहिलं, ते सांगा. मागे बसलेल्या मावश्यांपासून सुरुवात करू.

जिंदाबाद!